कारखान्याची शेड नंतर, आधी पावसाचं पाणी कुठं जाणार ते ठरवा

नवीन कारखान्याची जागा हातात आली की शेड केवढी, क्रेन किती टनाची, ट्रक कुठून वळणार यावर तासन्‌तास चर्चा होते, आणि पावसाच्या पाण्याचा विषय निघाला की "ते नंतर बघू, कडेने एक गटार काढून टाकू" एवढ्यावर मिटतो. माझं म्हणणं एकदम उलटं आहे. नकाशावर पहिली रेघ पाण्याची पडली पाहिजे, आणि तीसुद्धा शेडपासून नाही, तर पाणी प्लॉटच्या बाहेर जिथं पडणार तिथून सुरू करून मागं मागं यायचं.

आधी पाणी किती ते बघू. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी, इतका सोपा हिशोब आहे. आता १ हेक्टर जागा घ्या आणि तासाला ६० मिलिमीटर असा जोराचा पाऊस धरा. जागा गवताची, मोकळी असेल तर बरंचसं पाणी मुरतं, समजा २० टक्केच वाहून जातं, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ लिटर. त्याच जागेवर पत्रे आणि काँक्रीट आलं की ९० टक्के पाणी वाहतं, म्हणजे सेकंदाला १५० लिटर! पाऊस तोच, जमीन तीच, पाणी साडेचार पट, आणि पत्र्यावरून ते झटकन खाली येतं त्यामुळे प्रत्यक्षातला लोंढा लवकरही येतो. या हिशोबाला रॅशनल मेथड म्हणतात, एमिल कुइक्लिंग या अमेरिकन इंजिनिअरने १८८९ मध्ये ती मांडली आणि लहान प्लॉटसाठी आजही तीच वापरतात.

पाऊस किती जोराचा धरायचा, इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. "१० वर्षांतून एकदा येणारा पाऊस" म्हटलं की लोकांना वाटतं यंदा येऊन गेला, आता १० वर्षं निवांत. तसं नसतं हो, त्याचा अर्थ दर वर्षी तो येण्याची शक्यता १० टक्के, गेल्या वर्षी आला असला तरी यंदाही तेवढीच. पुढच्या १० वर्षांत निदान एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास ६५ टक्के निघते. म्हणून पाईप त्या पावसाच्या हिशोबाने घेतला तरी त्याहून मोठा पाऊस आला तर पाणी रस्त्यावरून कुठं वळेल हेही आधीच ठरवायचं, म्हणजे ते शेडच्या दारातून आत न शिरता मोकळ्या बाजूला निघून जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लेव्हल, म्हणजे एका ठरलेल्या खुणेपासून मोजलेली उंची. समजा प्लॉटबाहेरच्या नाल्यात आपला पाईप ९७.०० मीटर लेव्हलला सोडायचाय. तिथून शेडच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत ३०० मीटर अंतर, उतार २०० मीटरला १ मीटर, म्हणजे तिकडच्या टोकाला पाईपचा तळ ९८.५० वर आला. पाईप ६०० मिलिमीटरचा, त्याच्यावरून ट्रक जाणार म्हणून वर ९०० मिलिमीटर माती, असं धरलं की झालं १००.०० (पाईपची जाडी सोडून देऊ). म्हणजे त्या कोपऱ्यातली जमीन १०० च्या खाली चालणारच नाही, आणि शेडची प्लिंथ, म्हणजे जमिनीपासून उचललेला जोता, त्याच्याही वर हवी. प्लिंथ आधी ९९.८० ला ओतून मोकळे झालात तर मग उतार कमी करावा लागतो, पाणी संथ होतं, गाळ बसतो आणि पाईप तुंबतो. पाण्याचा वेग जोराच्या पावसात सेकंदाला निदान ०.६ ते ०.७५ मीटर मिळाला तर गाळ वाहून जातो, त्याखाली तो साचत राहतो. आणि नाल्याची पुराची लेव्हल विचारायला विसरू नका, कारण पुरात पाईपचं तोंड बुडालं की पाणी बाहेर जायचं सोडून उलट आत यायला लागतं, तिथं झडप बसवावी लागते.

बरं, एवढं १५० लिटरचं पाणी थेट नाल्यात सोडायचं का? तर नाही, खालच्या लोकांनी काय पाप केलंय. प्लॉटच्या सखल भागात तळं खोदायचं, बाहेर जायचं भोक मुद्दाम लहान ठेवायचं, म्हणजे आधी जेवढं पाणी जायचं तेवढंच जाईल आणि बाकीचं तळ्यात थांबून सावकाश उतरेल. ट्रक जिथं उभे राहतात तिथलं पाणी आधी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून घ्यायचं, पावसाच्या पहिल्या सरीतच डिझेल-ऑइलची जास्त घाण येते.

हे तळं बांधकामाच्या पहिल्या महिन्यातच खोदून घ्या असं माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण उघड्या मातीवरून वाहून जाणारा गाळ हा बांधकाम चालू असतानाच सगळ्यात जास्त असतो. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण १ मीटर खाली बसायला दोनेक मिनिटं घेतो, पण ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला स्थिर पाण्यातही तीन दिवसांच्या वर लागतात. त्यामुळे वाळू तळ्यात बसते पण चिकणमाती बरीचशी निसटते, तिला उघडी माती झाकून आणि उतारावर लवकर गवत लावून जागेवरच धरावं लागतं. बांधकाम संपलं की तळ्यातला गाळ उपसून खोली परत मोजून घ्यायची आणि मगच शेडचे पाईप त्याला जोडायचे.