शाळेआधीचं गणित-विज्ञान, आणि मागे राहिलेला इतिहास

तीन-चार वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान, इतिहास शिकवणं हे अलीकडचं खूळ आहे असं अनेकांना वाटतं. पण ही कल्पना जवळपास चारशे वर्षं जुनी आहे. परागंदा होऊन पोलंडमध्ये राहिलेले चेक शिक्षणविचारवंत योहान आमोस कोमेनियस यांनी १६३३ मध्ये आईकडून होणाऱ्या शिक्षणावर एक पुस्तिका काढली. सहा वर्षांच्या आत मुलाला काय काय कळावं, हे तिच्यात विषयवार दिलं आहे. सूर्य, चंद्र, तारे ओळखणं हे खगोलशास्त्र. थोडं कशाला म्हणायचं नि पुष्कळ कशाला, हे अंकगणित. आणि काल काय झालं, गेल्या वर्षी काय झालं हे आठवणं म्हणजे इतिहास. तिन्ही विषय तेव्हापासून एकत्रच होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढे गणिताने आघाडी घेतली. बालोद्यानाची, म्हणजे किंडरगार्टनची, कल्पना मांडणारे जर्मन शिक्षक फ्रीडरिश फ्रोबेल यांनी बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्राच्या संग्रहावर काम केलं होतं, आणि तीच भौमितिक नजर त्यांच्या खेळण्यांत उतरली. १८३७ नंतर त्यांनी मुलांसाठी जी साधनं तयार केली, त्यातला एक लाकडी घन आठ छोट्या घनांचा बनलेला असतो. मूल तो मोडतं, त्यातून खुर्ची, जिना, भिंत करतं, आणि शेवटी पुन्हा अख्खा घन जुळवतं. अर्धा, पाव, अष्टमांश हे शब्द न उच्चारता हातातून जातात. १८५१ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने या बालोद्यानांवर राजकीय संशयातून बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली.

१९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेंझो वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केलं. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. सगळ्यात मोठा घन आकारमानाने सगळ्यात लहान घनाच्या हजारपट असतो, आणि तो उचलताना मुलाला दोन्ही हात लावावे लागतात.

मग स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आले आणि उत्साहाला लगाम बसला. सारख्याच संख्येच्या मण्यांच्या दोन ओळींपैकी एक ओळ पसरली की चार-पाच वर्षांची मुलं ‘इथे जास्त’ म्हणतात, म्हणजे संख्येची समज अजून आलेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष. अनेक शिक्षकांनी त्यातून ‘थांबा, वय होऊ द्या’ एवढंच घेतलं. १९७० च्या दशकात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी तीच ओळ एका खोडकर टेडीकडून ‘चुकून’ विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठं माणूस मुद्दाम ओळ हलवून पुन्हा तेच विचारतं, तेव्हा उत्तर बदलायला हवं असं मुलाला वाटतं. १९७८ मध्ये रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की लहान मुलांच्या मोजण्यालाही नियम असतात: एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण.

इतिहासाच्या वाट्याला मात्र अशी फेरतपासणी फार उशिरा आली. आधी मी, मग घर, मग परिसर या विसाव्या शतकातल्या शिकवण्याच्या क्रमाने दूरचा काळ वरच्या इयत्तांकडे ढकलला. शिक्षणविचारवंत किरन एगन यांनी त्याला ठाम विरोध केला: शूर-भित्रा, न्याय-अन्याय अशा जोड्या मुलांना गोष्टींतून आधीच कळतात, मग दूरचा काळ वर्ज्य का? मला त्यांचं म्हणणं पटतं. अर्थात तीन वर्षांच्या मुलाला सनावळी देण्यात काही हशील नाही. त्याचेच फोटो वयानुसार ओळीत लावायला दिले, तर आधी काय आणि नंतर काय यावर ते हिरिरीने वाद घालतं.