पोरांच्या ओठावरचं गाणं वर्गात आलं कसं

एबीसीडी आपण ज्या चालीत म्हणतो ना, ती चाल अक्षरं शिकवायला केलेलीच नव्हती. अठराव्या शतकात फ्रान्समधे लोकांच्या तोंडी असलेलं गाणं ते, मोझार्टनेसुद्धा त्यावर पियानोसाठी व्हेरिएशन्स लिहिली, आणि पुढे १८३५ साली बॉस्टनच्या एका प्रकाशकाने त्याच चालीवर अक्षरं बसवून कॉपीराइट घेतला. म्हणजे चालू गाण्याची चाल उचलून त्यात धडा भरायचा, ही आयडिया चांगलीच जुनी आहे.

पण शाळेचं आणि पोरांच्या आवडत्या गाण्याचं फार काळ पटलं नाही. १८३८ मधे बॉस्टनच्या सरकारी शाळांत संगीत हा विषय सुरू झाला, पण शिकवायचं ते 'चांगलं' संगीत, मुलांची आवड सुधारायला. रॉक अँड रोल आल्यावर तर दरी आणखी वाढली, पोरं घरी रेडिओवर एक ऐकणार आणि वर्गात गाणार दुसरंच. १९६७ मधे अमेरिकेत टँगलवूडला शिक्षक, संगीतकार वगैरे मंडळी जमली आणि तरुणांचं पॉप्युलर म्युझिकही अभ्यासक्रमात हवं असं त्यांनी जाहीर केलं. माझ्या मते खरं वळण हेच, कारण मुलाची आवड दुरुस्त करायची गोष्ट नाही हे शिक्षकांनीच मान्य केलं.

अर्थात हे झालं संगीताच्या तासापुरतं. बाकीच्या विषयांचं काय? डेव्हिड मॅकॉल नावाच्या जाहिरातवाल्याच्या लक्षात आलं की आपल्या मुलाला पाढे पाठ होत नाहीत, पण रॉकची गाणी मात्र शब्द न् शब्द पाठ आहेत. त्याने बॉब डोरो या जॅझ संगीतकाराकडून पाढ्यांची गाणी करून घेतली आणि १९७३ पासून ती अमेरिकेत टीव्हीवर शनिवारी सकाळी कार्टूनच्या मधेमधे लागायला लागली.

भाषेच्या वर्गात हे काम कॅसेटने सोपं केलं. १९७८ मधे कॅरोलिन ग्रॅहम या इंग्रजीच्या शिक्षिकेने रोजची इंग्रजी वाक्यं जॅझच्या ठेक्यावर बसवली, कारण इंग्रजीत कुठल्या शब्दावर जोर येतो ते नियम सांगून कळत नाही, ठेक्यात म्हटलं की तोंडात बसतं. आणि गाणं ऐकून त्यातल्या गाळलेल्या जागा भरायचा कागद तर सगळ्यांनीच भरलाय, मॅडम प्ले दाबणार, सगळे पेन्सिल धरून कान टवकारणार, एक शब्द निसटला की "मॅडम परत, परत!", मग रिवाइंड, आणि थोडी आधीचीच ओळ लागणार, तेवढ्यात अर्धा वर्ग गायलाही लागलेला असतो. तीच ओळ पाच वेळा कानावर पडते आणि कुणाला कंटाळा येत नाही.

हे पुन्हा पुन्हा ऐकणंच महत्त्वाचं आहे बरं का. वांडा वॉलेस या संशोधिकेच्या १९९४ च्या प्रयोगात दिसलं की चाल तेव्हाच मदत करते जेव्हा ती स्वतः ओळखीची होते, तीन कडव्यांत तीच चाल आली तर शब्द जास्त लक्षात राहतात, एकदाच ऐकवली तर फायदा नाही. म्हणून पोरांना आधीच पाठ असलेलं गाणं एवढं कामाचं, चाल शिकवण्याचा वेळच वाचतो.

अलीकडे तर गाणं लिहायचं कामही मुलांकडे गेलंय. २०१२ मधे ख्रिस्तोफर एमडिन या प्राध्यापकाने जीझेडए या रॅपरला सोबत घेऊन न्यूयॉर्कच्या दहा सरकारी शाळांत विज्ञानावर रॅप लिहून घ्यायला सुरुवात केली. व्याख्या घोकून मार्क मिळतील, पण तीच गोष्ट यमकात बसवायची तर तिला आपल्या शब्दांत फिरवून फिरवून बघावं लागतं आणि न समजलेली जागा तिथेच अडते.