टायर न घासता मोठी चाके बसवणे (कोकण)

खाली बसवलेल्या (लोअर केलेल्या) मोटारीला कंपनीच्या मापापेक्षा मोठी अलॉय चाके घालताना टायर मडगार्डला, आतल्या लायनरला (मडगार्डखालच्या अस्तराला) किंवा शॉकअपला लागू नये म्हणून करायची मापजुळणी. मुंबई-गोवा महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ६६) आणि घाटांत या जुळणीचा कस लागतो. गॅरेजच्या फरशीवर रिकाम्या गाडीत सगळेच नीट बसलेले दिसते. गणपतीला पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन कशेडी चढताना मात्र वळणावळणाला घासल्याचा आवाज येतो.

रिम वाढली तरी चाकाची एकूण उंची वाढू द्यायची नाही, हे पहिले सूत्र. १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिमी, भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायरचा व्यास सुमारे ६२१ मिमी असतो. १९५/५५ आर १६ चाही जवळपास तेवढाच भरतो, आणि २०५/४५ आर १७ चा ६१६. फरक पडतो तो टायरच्या भिंतीत: ती १२० मिमीवरून १०७ वर आणि पुढे ९२ वर येते. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत एवढ्या पातळ भिंतीमागची रिम वाकते, म्हणून कोकणात रोज चालणाऱ्या गाडीने मूळ रिमपेक्षा एक इंच मोठ्या रिमवर थांबावे. नव्या टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये.

त्याहून जास्त फसवतो तो ऑफसेट, म्हणजे चाक हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग आणि रिमची मध्यरेषा यांतले अंतर. ते रिमवर ‘ईटी’ म्हणून मिमीत कोरलेले असते; ईटी जितका जास्त, तितके चाक आत बसते. ६ इंच रुंद, ईटी ४५ ची रिम काढून ७ इंच, ईटी ४० ची घातली, तर चाकाची बाहेरची कड सुमारे १८ मिमी बाहेर आणि आतली कड ८ मिमी आत सरकते. दुकानात फक्त नटांचे अंतर जुळले की माल घेणारे पुष्कळ, पण घासण्याचे मूळ बहुतेकदा या १८ मिमीतच असते.

स्प्रिंग कापून गाडी खाली आणू नये. कापलेली स्प्रिंग चाक लोंबताच बैठकीतून सुटू शकते. त्या गाडीसाठी बनवलेली आखूड स्प्रिंग घ्यावी आणि बंपस्टॉप (स्प्रिंग पुरती दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) शाबूत ठेवावा.

मडगार्डची आतली कड दुमडली की जागा मिळते, पण खाऱ्या हवेत हे काम सांभाळून करावे लागते. रंग हीटगनने गरम न करता कड वळवली, तर तो केसाएवढा तडकतो आणि त्या भेगेतून गंज शिरतो. दुमडल्यावर प्रायमर आणि सीलर लावलेच पाहिजेत.

चाचणी अंगणातही होते. माणसे-सामान भरावे, पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवावे आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवावे. प्रत्येक टोकाला इंजिन बंद व हँडब्रेक घट्ट करून टायरभोवती बोट फिरते का ते पाहावे.

नोंदणीतला तपशील मूळ रचनेपासून बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मना केला आहे.

पहिल्या प्रवासानंतर चाक काढून आत पाहावे. सगळीकडे तांबडी माती बसलेली असते. घासलेल्या जागी ती पुसून काळा, चकचकीत पट्टा उमटतो. पट्टा बाहेरच्या कडेवर असेल तर जास्त ईटीची रिम लागते. शॉकअपकडे असेल तर कमी ईटीची किंवा अरुंद रिम घ्यावी. लायनरच्या पुढच्या भागात असेल तर टायरचा व्यासच जास्त आहे.