बॅकअप म्हणजे फोल्डर कॉपी, ही सवय आली कुठून

छोट्या ऑफिसात आजही "बॅकअप घेतला का रे?" विचारलं की अकाउंटंट गल्ल्यातून पेनड्राइव्ह काढून दाखवतो आणि त्यात असतं काय, तर अख्खं डेटा फोल्डर कॉपी-पेस्ट केलेलं. त्याला हसू नका, त्या सवयीला कारण आहे.

नव्वदच्या दशकात बिलिंग, स्टॉक, पगार सगळं फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरवर. तिथे डेटाबेस म्हणजे नुसत्या डीबीएफ फाइली (एक फाइल म्हणजे नोंदींचं एक टेबल) आणि शेजारी त्यांचे इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडायच्या सूच्या. संध्याकाळी शटर अर्धं ओढून "सगळे बाहेर या रे" अशी हाक द्यायची, कारण पॅक ही साफसफाईची कमांड चालवायला टेबल एकट्याच्या ताब्यात लागायचं. डिलीट केलेली नोंद तोपर्यंत गेलेलीच नसायची, फक्त खूण केलेली असायची, पॅक केलं की खरी जायची. मग फोल्डर एआरजे नावाच्या प्रोग्रॅमने आवळून १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर तुकडे टाकायचे, आणि सातातली एक फ्लॉपी खराब निघाली की बाकीच्या सहा घेऊन काय करणार! त्यात लोडशेडिंग. मधेच लाइट गेली की इंडेक्स बिघडलाच, म्हणून सकाळी रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, हे उदबत्ती लावण्याइतकं ठरलेलं काम. आपण ज्याला मेंटेनन्स म्हणतो ते आधी हेच होतं.

पुढे मायएसक्यूएल हे सर्व्हरवरचं डेटाबेस सॉफ्टवेअर आलं तरी सवय खपून गेली, कारण मायआयसॅम या जुन्या पद्धतीने साठवलेल्या टेबलांच्या फाइली सर्व्हर बंद करून उचलल्या तर खरंच चालायच्या. गोची झाली २०१० नंतर. ५.५ व्हर्जनपासून इनोडीबी ही दुसरी साठवणीची पद्धत डीफॉल्ट झाली, आणि तिच्यातला खरा डेटा तेव्हा डेटाबेसच्या फोल्डरात नाही तर बाहेरच्या आयबीडेटा१ या एकाच फाइलीत जायचा. मी एका दुकानात हे डोळ्यांनी बघितलंय, मशीन गेलं, फोल्डर नव्या मशीनवर टाकलं, टेबलांची नावं सगळी दिसतायत, आणि उघडायला गेलं की "टेबल डझन्ट एक्झिस्ट". दोन वर्षं रोज न चुकता घेतलेला बॅकअप होता तो, आणि त्यात नुसती रिकामी टरफलं. मायएसक्यूएलडंप, म्हणजे सगळा डेटा वेगळ्या फाइलीत उतरवून देणारा प्रोग्रॅम, एकदा चालवला असता तरी भागलं असतं.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसची वेगळी तऱ्हा. फुकट म्हणून सगळ्यांनी घेतलं पण त्यात एजंट नाही, म्हणजे बॅकअपची वेळ लावायची सोयच नाही. मग बॅच फाइल लिहून विंडोजच्या टास्क शेड्युलरला जोडायची, आणि कोणीतरी विंडोजचा पासवर्ड बदलला की टास्क गुपचूप बंद.

मोठ्यांचंही असंच होतं बरं का. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडाला, तेव्हा कळलं की डंप कधीचा फेल होतोय आणि त्याचे इशाऱ्याचे मेलही पोचत नाहीयेत. वाचवलं ते कुणीतरी ६ तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीने. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आला आणि कायम लावून ठेवलेल्या एक्स्टर्नल डिस्काही डेटाबरोबर लॉक झाल्या.

आता सरकारही यात आहे. ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांनी हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर आणि तोही रोज ठेवायचा. प्रोप्रायटरी दुकानाला हा नियम लागू नाही, तिथे पेनड्राइव्ह अजून गल्ल्यातच आहे.