डग्गा कुठे गेला?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात एक फॉरवर्ड आला. 'सीडीत आणि मोबाइलमध्ये आवाजाचे तुकडे करतात, रेकॉर्डवर मात्र तो जसाच्या तसा कोरलेला असतो, म्हणून जुनी गाणी काळजाला भिडतात.' खाली पंधरा-वीस नमस्कार. मी उत्तर लिहायला घेतलं, ते लांबतच गेलं. बायको म्हणाली, "गटावर कोण वाचणार आहे एवढं?" म्हणून हा लेख.

रेकॉर्डवरचा आवाज जसाच्या तसा नसतो. तो मुद्दाम, हिशेबाने वाकडा केलेला असतो. मला हे कळलं ते एका फजितीतून.

ठाण्यात, नौपाड्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळ्यांवरची अडगळ खाली येते. त्या अडगळीतून स्टिरिओ जमवणं हा माझा रविवारचा उद्योग. एकाकडून २एन३०५५ ट्रान्झिस्टरचा जाडजूड ॲम्प्लिफायर मिळाला, दुसऱ्याकडून टर्नटेबल. स्पीकरच्या खोक्यांना वाळवी लागली होती, ती प्लायवूडची नवीन केली. ॲम्प्लिफायरचे फुगलेले फिल्टर कपॅसिटर बदलले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, अशी वारी तीनदा झाली. चार तास सोल्डरच्या धुरात बसलं की डोकं कसं रिकामं होतं, ते केल्याशिवाय कळायचं नाही.

मग वडिलांची नाट्यसंगीताची एलपी लावली. टर्नटेबलची वायर ॲम्प्लिफायरला मागे 'ऑक्स' लिहिलेल्या भोकात. आवाज आला तो डासाच्या गुणगुणण्याएवढा. व्हॉल्यूम पार शेवटाला नेला, तर 'स' आणि 'श' फुसफुसायला लागले, तबल्याची चाटी टकटक वाजली, पण डग्गा गायब. तबलजी एकाच हाताने वाजवतोय असं वाटावं.

डग्गा रेकॉर्डवरच कमी केलेला होता. का, ते सांगतो. हा भाग माझ्या फार आवडीचा, तेव्हा थोडं सोसा.

सुईच्या दांडीला मागे एक इवलंसं चुंबक असतं आणि शेजारी तारेची वेटोळी. या सगळ्याच्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. खाचेच्या वळणांबरोबर सुई हलते, चुंबक हलतं, वेटोळ्यांत वीज उमटते. शाळेतला फॅरेडेचा नियम आठवा: वीज किती उमटेल ते चुंबक किती लांब गेलं यावर ठरत नाही, किती वेगाने गेलं यावर ठरतं. सगळं त्रांगडं इथे आहे.

समजा, सगळ्या स्वरांना सारखीच वीज हवी, म्हणजे सुईचा सर्वाधिक वेग सारखा हवा, सेकंदाला ५ सेंटिमीटर. एक हजार हर्ट्झच्या स्वराला सुई मधल्या रेषेपासून ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकली की हा वेग मिळतो. डग्ग्याच्या घुमाऱ्यात ५० हर्ट्झच्या आसपासचं काही असेल, तर तिथे सुई सेकंदाला ५० वेळाच डोलते. तेवढाच वेग गाठायचा तर तिला वीसपट लांब जायला हवं, १६० मायक्रॉन. डावीकडे १६० आणि उजवीकडे १६०.

आता जागेचा हिशेब. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एका बाजूला २० मिनिटं म्हणजे ६६७ फेरे. कोरता येण्याजोगी पट्टी साधारण ८५ मिलिमीटर रुंद. भागाकार केला तर एका फेऱ्याच्या वाट्याला सव्वाशे मायक्रॉन येतात. डग्ग्याला हवेत ३२०! म्हणजे खाच शेजारच्या खाचेच्या अंगणात घुसणार आणि सुई भिंत ओलांडून पळणार.

म्हणून रेकॉर्ड कोरतानाच खर्जाचे स्वर दाबतात. ५० हर्ट्झला जवळजवळ सातपट. १६० चे २३ मायक्रॉन होतात, आणि खाच आपल्या घरात राहते.

वरच्या पट्टीत उलटं दुखणं. दहा हजार हर्ट्झला सुईची हालचाल एक मायक्रॉनही भरत नाही, धुळीच्या खरखरीत ती बुडून जाईल. म्हणून ते स्वर कोरताना जवळजवळ पाचपट वाढवतात. वाजवताना सगळं परत उलटं करायचं: खर्ज सातपट वाढवायचा, वरचे स्वर पाचपट दाबायचे. वरचे दाबताना धुळीची खरखरही त्यांच्याबरोबर दबते, हा फुकटचा फायदा. हातउसने घेतलेले पैसे पैन् पै परत करण्याचाच हा व्यवहार. माझ्या 'ऑक्स'ने परतफेड केलीच नव्हती, कारण ते काम 'फोनो' लिहिलेल्या भोकामागच्या मंडलाचं, म्हणजे सर्किटचं, आणि नेमकं तेच मंडल कुणीतरी उपटून नेलेलं.

किती घ्यायचं आणि किती द्यायचं, हे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, एकच वक्ररेषा ठरवली. तिचा अख्खा मजकूर तीन आकड्यांत मावतो: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. रेषेने कुठे वळायचं, ते हे आकडे सांगतात. रेझिस्टर गुणिले कपॅसिटर केलं की काळ मिळतो. ७.५ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड, झाले ७५ मायक्रोसेकंद. प्रत्यक्षात हे भाग एकमेकांच्या कामात लुडबुड करतात, त्यामुळे किमती थोड्या सरकवाव्या लागतात. ३१८० चं काम मजेशीर आहे. ५० हर्ट्झच्या खाली 'आता पुरे, आणखी वाढवू नकोस' असं ते सांगतं, नाहीतर मोटरची घरघरही गाण्याबरोबर वाढत बसेल.

ते उपटलेलं मंडल, म्हणजे प्रीॲम्प, मी स्वतःच बांधायला घेतलं. एनई५५३२ ही साधी आयसी घेतली, कपॅसिटर दुकानातच मीटरवर मोजून जोड्या लावल्या, कारण डाव्या आणि उजव्या बाजूचे सारखे नसले तर स्वराबरोबर गायकही इकडेतिकडे सरकतो. कार्ट्रिजमधून येतात ५ मिलिव्होल्ट. मधल्या स्वरांना शंभरपट वाढ, ५० हर्ट्झला सातशेपट, दहा हजारला जेमतेम वीसपट. डग्गा परत आला. तबलजीला दुसरा हात फुटला.

तेव्हा 'नैसर्गिक' आवाजाचं श्रेय द्यायचंच तर या चिल्लर भागांना द्या. भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंत हजारो रुपयांची वायर घालून आवाज 'मोकळा' होतो म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की पडघ्याच्या वीज उपकेंद्राहून ठाण्यापर्यंत आलेल्या तारांचं काय केलंत? त्याच गटावर ४३२ हर्ट्झच्या 'आरोग्यदायी' संगीताचाही फॉरवर्ड येऊन गेलाय. वाद्यं जुळवायच्या नेहमीच्या ४४० चं ४३२ करायला टर्नटेबल दोन टक्क्यांहूनही कमी हळू फिरवलं की झालं. आणि आपल्याकडे कुणाचा सा काळी एक, कुणाचा काळी चार. त्यातला कुठला सा रोग बरा करतो?

वेगावरून आठवलं. ओळखीतल्या एकाने अमेरिकेहून टर्नटेबल आणलं. मोटर तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेवर चालणारी सिंक्रोनस, म्हणजे जिचा वेग व्होल्टवर नाही, विजेच्या हर्ट्झवर ठरतो अशी. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, पण आपली वीज ५० हर्ट्झची. तबकडी मिनिटाला २७.८ फेरे घ्यायला लागली आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी चारच्याही किंचित खाली उतरल्या. शेवटी पट्ट्याची पुली बदलली.

माझ्याकडे मात्र डग्ग्याबरोबर एक पाहुणा आला: अखंड 'घुंऽऽ'. ५० हर्ट्झला सातशेपट वाढ, आणि घरातली वीजही नेमकी ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातला कणभर अंश कार्ट्रिजमध्ये शिरला तरी तो डग्ग्याच्या थाटात बाहेर येणार. टर्नटेबलची हिरवी अर्थिंगची वायर जोडली, निम्मा आवाज गेला. प्रीॲम्पचा ट्रान्सफॉर्मर हाताने थोडा थोडा फिरवत एका कोनात तो आणखी कमी झाला. उरलेल्यासाठी ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात घालून दोन फूट लांब नेला. डबा लोखंडी पत्र्याचा हवा आणि त्याला अर्थिंग हवंच, त्यात २३० व्होल्ट आहेत. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांना चुंबक लावून पाहिलं, बरेचसे चिकटेनात, म्हणजे निरुपयोगी. चिकटला तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात बायकोची शिवणाची रिळं होती. ती आता माझ्या रेझिस्टरच्या खोक्यात आहेत.