बोलावणं धाडणारे नकाशे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी देवघराशेजारी काशीचा छापील पट टांगलेला असे. मधे गंगा, घाट, देवळांचे कळस आणि भोवतीने पंचक्रोशीची, म्हणजे काशीच्या प्रदक्षिणेची, वाट. आजी काशीला एकदाच जाऊन आली होती. पण दर एकादशीला त्या वाटेवर बोट फिरवून पंचक्रोशी पुरी करायची. हा पट म्हणजे नकाशाच, हे मला चाळिशी उलटल्यावर, जुने चित्रनकाशे जमवायला लागल्यावर उमगलं.

या छंदात पडलं की पहिलं नाव कानावर येतं ते मॅक्डोनाल्ड गिल या इंग्रज चित्रकाराचं. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जाहिराती बघणाऱ्या फ्रँक पिकने 1914 साली त्याच्याकडून 'वंडरग्राउंड' नकाशा काढून घेतला. गल्लोगल्ली चिमुकली माणसं, त्यांच्या तोंडी थट्टामस्करी, वर कमानीसारखं वाकलेलं क्षितिज. तो स्टेशनांवर लागला, मग लोकांना विकायलाही काढला. पुढे 1920 ते 1950 च्या दरम्यान अमेरिकेत अशा नकाशांचं पेवच फुटलं. संग्राहक आज ज्यावर तुटून पडतात तो बराचसा माल त्याच काळातला.

रेल्वेला तिकिटं खपवायची होती, हे उघड आहे. चित्रनकाशा रस्ता दाखवतो तो नंतर. आधी तो 'याच एकदा' म्हणतो. आणि ही रीत आपल्याकडे कितीतरी जुनी. गुजरात-राजस्थानातले श्वेतांबर जैन संघ चातुर्मासासाठी आचार्यांना आमंत्रण धाडत ते विज्ञप्तिपत्राने. कागदाची लांबच लांब गुंडाळी. उलगडत गेलं की आधी अष्टमंगल, म्हणजे आठ शुभचिन्हं, आणि महावीरांच्या आईची, त्रिशलामातेची, चौदा स्वप्नं, मग आख्खं गाव: बाजार, दुकानात बसलेले वाणी, मंदिरं, साधूंच्या मुक्कामाचे उपाश्रय. विनंतीचा मजकूर शेवटी. आमचं गाव कसं नांदतं आहे ते आधी डोळ्यांनी बघा, महाराज, मग काय ते ठरवा! सोबत कधी गावाचं वर्णन करणारं काव्य असे, त्याला 'गझल' म्हणत. दीपविजय या जैन कवीने आपल्या बडोद्यावरही अशी गझल रचली आहे. याच परंपरेतला, उस्ताद शालिवाहनाने रंगवलेला, जहांगीराचा दरबार दाखवणारा आग्र्याचा पट 1610 चा, म्हणजे गिलच्या तीनशे वर्षं आधीचा. या पत्रांवर हिरानंद शास्त्रींचा मोठा ग्रंथ 1942 मध्ये निघाला, तोही बडोदे सरकारच्याच छापखान्यातून.

मधल्या काळात चित्रं नकाशातून हटली. जेम्स रेनेल या इंग्रज मोजणीदाराच्या 1782 च्या हिंदुस्थानच्या नकाशात ती एका कोपऱ्यात उरली आहेत, आणि त्या कोपऱ्यात काय, तर पंडित आपली शास्त्रं ब्रिटानियाच्या, म्हणजे देवीच्या रूपातल्या ब्रिटनच्या, हाती देताहेत. बाकी कागदावर नद्या, वाटा, ठाणी. मुलूख ताब्यात ठेवायला निघालेल्याला कोणाला बोलवायचं नसतं. यात्रेकरूंचं काम मात्र त्या नकाशांवर भागणारं नव्हतं. कैलासनाथ सुकुल यांचा 'काशीदर्पण' 1876 चा, म्हणजे इंग्रजांचं मोजणीखातं चांगलं जोरात असतानाचा. आमच्या घरचा पट त्याच जातीचा.

बडोद्याचेच चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांनी जर्मनीतल्या एब्स्टॉर्फच्या मध्ययुगीन जगनकाशावरून आपली 'मॅपामुंडी' चित्रं केली. मूळ नकाशा 1943 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. शेखांच्या हाती लागलं ते त्याचं पोस्टकार्ड.

असे जुने नकाशे विकत घ्यायला निघालात तर भिंग खिशात ठेवा. रंगात एकसारखे ठिपके दिसले तर ती ऑफसेटची, म्हणजे अलीकडच्या यंत्रछपाईची, नक्कल. सोन्याच्या फ्रेमला भुलून मी अशी एक घेतलेली आहे, ती बाथरूमच्या दाराशी लावली. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशाच्या कडेने दाबाची चौकट उमटते, बोटाला लागते. शिळाछापाला, म्हणजे दगडावरून छापलेल्याला, ती नसते. आणि शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी धाडायच्या भानगडीत पडू नका, त्याला मनाई करणारा 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे.

मागे एका व्यापाऱ्याला आजीचा पट दाखवला. त्याने भिंग लावलं, शिळाछाप अस्सल आहे म्हणाला. मग पंचक्रोशीच्या वाटेवरची झिजलेली शाई पाहून निम्मी किंमत सांगितली.