बीटलच्या इंजिनात मोठे पिस्टन: आधी हेडचा विचार का करावा लागतो

फोक्सवॅगन बीटलचं एअर-कूल्ड इंजिन नव्याने बांधायला घेतलं की पहिला प्रश्न पिस्टनचा निघतो. मूळ ८५.५ मिमीचेच ठेवायचे, की ८७, ९०.५, ९२ किंवा ९४ चे? यातलं प्रत्येक माप कुठल्या ना कुठल्या अडचणीतून आलेलं आहे. तो इतिहास पाहिला की हिशोब हेडपासून, म्हणजे सिलेंडरचं टोक बंद करणाऱ्या, व्हॉल्व्ह असलेल्या झाकणापासून, सुरू करावा लागतो, हे पटतं.

फ्रान्झ राइमश्पीस यांनी १९३० च्या दशकात आखलेल्या या इंजिनाची रचना साधी आहे. समोरासमोर आडवे चार सिलेंडर, थंड होण्यासाठी फिन्स (पातळ पाती) असलेले ओतीव लोखंडाचे सुटे बॅरल (सिलेंडरच्या नळ्या), दर दोन बॅरलवर एक अॅल्युमिनियमचं हेड, आणि हे सगळं लांब स्टडनी (आटे असलेल्या सळ्यांनी) मॅग्नेशियमच्या केसवर, म्हणजे इंजिनच्या मूळ कवचावर, आवळलेलं. युद्धानंतरच्या ११३१ सीसी इंजिनात बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ७५, स्ट्रोक (पिस्टनच्या हालचालीची लांबी) ६४ मिमी, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) अवघं ५.८ आणि ताकद २५ अश्वशक्तीच्या आसपास. १९५४ साली बोअर ७७ झाला आणि ११९२ सीसीतून ३० अश्वशक्ती मिळू लागली. पुढचा टप्पा जास्त बोलका आहे: १९६० मध्ये सीसी तेवढीच राहिली, पण केस आणि हेड नवे आले, कॉम्प्रेशन ७.० वर गेलं आणि ताकद ३४ झाली. म्हणजे पिस्टनचं माप न वाढवता चार अश्वशक्ती वाढली.

१९६५ मध्ये स्ट्रोक ६९ झाला (१२८५ सीसी). १९६६ मध्ये बीटलला ८३ मिमीचे पिस्टन मिळाले (१४९३ सीसी) आणि त्यानंतर ८५.५ चे (१५८४ सीसी). ऑगस्ट १९७० मध्ये या १६०० इंजिनाला ड्युअल-पोर्ट हेड आलं. तोवर एका हेडमधले दोन्ही सिलेंडर एकाच इनटेक पोर्टमधून (मिश्रण आत येण्याच्या वाटेतून) श्वास घेत होते. ड्युअल-पोर्टमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र पोर्ट मिळालं आणि ताकद ५० वर गेली. त्याच सुमारास ऑइल कूलरही हलवला. आधी तो फॅनच्या आवरणात, तिसऱ्या सिलेंडरच्या हवेच्या वाटेत उभा असायचा. त्यामुळे तिसऱ्या सिलेंडरला गरम हवा मिळे, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटण्याची तक्रार बहुतेकदा तिथलीच असे.

कंपनीच्या कितीतरी आधी हौशी लोक या वाटेने गेले होते. जर्मनीत गेरहार्ड ओटिंगर यांच्या ओक्रासा किटमध्ये १९५० च्या दशकातच ड्युअल-पोर्ट हेड आणि दोन कार्बोरेटर होते. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये जो व्हिटोन यांनी व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती हेडमधली नळी) बदलण्यापासून सुरुवात केली आणि त्यातून एम्पी हा ब्रँड उभा राहिला. दोघांनीही सुरुवात हेडपासूनच केली, हे महत्त्वाचं.

मोठे पिस्टन बाजारात आले ते आधी सोप्या वाटेने. ८७ मिमीच्या सेटचा (१६४१ सीसी) बाहेरचा व्यास मूळ बॅरलइतकाच, त्यामुळे केस किंवा हेड मशीनवर न्यायची गरज नाही. किंमत चुकवावी लागते भिंतीच्या जाडीत. तसेच बसणारे ८८ चे बॅरल तर इतके पातळ असतात की तापल्यावर गोलाई सोडतात, रिंगा धरत नाहीत, इंजिन ऑइल पितं. ते घेऊच नयेत. म्हणून केस आणि हेडमधली भोकं मोठी करून ९०.५ (१७७६ सीसी) आणि ९२ (१८३५ सीसी) बसवायची पद्धत रुळली. साधे ९२ हे ९०.५ च्याच भोकात बसतात, म्हणजे भिंत पुन्हा पातळ. त्यावर उपाय म्हणून ९४ च्या भोकात बसणारे जाड भिंतीचे ९२ आले. रोज चालवायच्या गाडीसाठी ९०.५ हेच सर्वांत समंजस माप. ९४ ला (१९१५ सीसी) केस आणि हेड दोन्हीकडे धातू फार कमी उरतो.

हेडकडे येऊ. मूळ ड्युअल-पोर्टमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अनुक्रमे ३५.५ आणि ३२ मिमीचे असतात. बाजारातल्या हेडमध्ये ४० आणि ३५.५ ही जोडी सर्रास मिळते. व्हॉल्व्ह मोठे झाले की दोन सीटमधला (सीट म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) आणि सीट ते स्पार्क प्लग यांमधला धातू कमी होतो, आणि तडा नेमका तिथेच जातो. म्हणून मोठ्या व्हॉल्व्हच्या काही हेडमध्ये १४ ऐवजी १२ मिमीचा प्लग देतात. एकच मूळ कार्बोरेटर ठेवणार असाल तर ४० च्या व्हॉल्व्हचा फायदा जवळजवळ मिळणार नाही.

नवं हेड बसवण्याआधी फिन्समधून उजेड आरपार दिसतो का, ते पाहा. ओतकामाचा पापुद्रा अडकलेला असतो, विशेषतः एक्झॉस्ट पोर्टच्या आसपास. तो बारीक कानशीने काढा. सिलेंडरखालचे पत्रेही परत लावा, नाहीतर हवा फिन्सना वळसा न घालता तशीच खाली निघून जाते.

कॉम्प्रेशन अंदाजाने ठरवू नये. ९०.५ च्या पिस्टनला एका सिलेंडरचे ४४४ सीसी होतात. डेक, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला असताना बॅरलच्या कडेपर्यंत उरणारं अंतर, १.२ मिमी धरला तर तिथे ७.७ सीसी. चेंबर (हेडमधली ज्वलनाची पोकळी) ५४ सीसीचं असेल तर कॉम्प्रेशन साधारण ८.२ येतं, ५० चं असेल तर ८.७. फेस घासलेल्या जुन्या हेडचं चेंबर लहान झालेलं असतं, म्हणून ते ब्युरेटने (खुणा असलेल्या मापाच्या नळीने) द्रव भरून मोजाच. डेक मोजताना बॅरल घट्ट दाबून धरा आणि पिस्टन-पिनच्या रेषेवर मोजा, कारण दुसऱ्या दिशेला पिस्टन डुलतो. १ ते १.५ मिमी डेक ठीक. कमी भरला तर बॅरलखाली शिम (पातळ कडी) घाला.

स्टडची गोष्ट वेगळी सांगायला हवी. अॅल्युमिनियम तापून पोलादापेक्षा जास्त फुगतं, १० मिमीचा जाड स्टड फारसा ताणला जात नाही, आणि सगळा जोर मॅग्नेशियमच्या आट्यांवर येऊन त्या उपटतात. पुढे कंपनीनेच ८ मिमीचे, जास्त ताणले जाणारे स्टड आणि केसमध्ये पोलादी इन्सर्ट (आटे असलेल्या बुश) दिले. जुन्या केसमध्ये इन्सर्ट घालूनच घ्या. नट आधी १० न्यूटन-मीटरला, मग ठरलेल्या क्रमाने १० मिमी स्टडला ३२ आणि ८ मिमीला २५. या इंजिनात हेड गॅस्केट नाही, त्यामुळे एखादा नट जास्त आवळून गळती थांबत नाही, हेड मात्र वाकतं.

पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे हवा. रिंग बॅरलमध्ये सरळ बसवून तिची फट मोजा. मूळ मापाला कॉम्प्रेशन रिंगसाठी ०.३० ते ०.४५ मिमी चालते, मोठ्या सेटला बनवणाऱ्याचं माप पाळा. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतात, त्यांना बॅरलमध्ये जास्त मोकळीक लागते. थंड इंजिनावर त्यांची टकटक ऐकू आली तर घाबरू नका.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर ०.१५ मिमीला लावा आणि पहिल्या ५०० किमीनंतर पुन्हा तपासा. एकाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी होत असेल, तर तो व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा सीट झिजतेय. पुन्हा फट लावून गाडी चालवू नका. व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडण्याआधी ते हेड उतरवा.